सिलेंडरमधलं तेल

४ फेब्रुवारी

आणली! टेम्पोतून उतरवायला चार माणसं, चेनपुली आणि अख्खे दोन तास लागले. भंगारवाला सारखा म्हणत होता, "काका, हिच्यात काय राहिलंय? आत उंदरांनी संसार थाटलाय." थाटू देत. उंदीर परवडले.

कारखान्याला कुलूप लागलं आणि सगळा माल लिलावात गेला, तेव्हापासून मी या भंगारवाल्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. लेथ नको, ड्रिल नको, मागच्या शेडमधली पॉवर हॅक्सॉ तेवढी मला दे. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ही करवत नऊ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. अपघातानंतर तिला कुणी हात लावला नाही. मला ती तशीच हवी होती.

बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली. "हीच का ती?" म्हणाली. हो म्हटलं. आत निघून गेली. जेवण झाकून ठेवलेलं होतं, वाढायला आली नाही.

५ फेब्रुवारी

एकदा सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे काम करताना डोकं थंड राहील.

मी मेंटेनन्सचा फिटर. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, या मशीनवर कामाला. त्याला नोकरीला मीच चिकटवला. कानस कशी धरायची इथपासून सगळं मीच शिकवलं. त्या दिवशी त्याने करवतीची फ्रेम वर उचलली, खटक्यावर अडकवली आणि खाली हात घालून लोखंडी बार मोजायला लागला. मोटर चालूच. कामाच्या घाईत ती कुणीच बंद करत नसे. फ्रेम खाली आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात पहिले दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसलो होतो. तिसऱ्या दिवशी चौकशीवाले आले. तो काय म्हणाला? "फ्रेम धाडकन पडली. सिलेंडरमध्ये पातळ तेल होतं. भाऊजींनी भरलं होतं."

झालं! या मशीनच्या कुशीला तेलाचा सिलेंडर असतो. फ्रेमचं वजन तो पेलतो, त्यामुळे ती सावकाश उतरते. तेल पातळ असेल तर धाडकन पडते. म्हणजे गुन्हेगार मी. मी साहेबांना हात जोडून सांगितलं — झाकण उघडा, तेल बघा, दोन मिनिटांचं काम आहे. साहेब म्हणाले, "ज्याची बोटं गेली तो खोटं कशाला बोलेल?" झाकण उघडलं नाही. मला स्टोअरमध्ये टाकलं. एकतीस वर्षं मशीनच्या पोटात हात घालणारा माणूस, निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं नटबोल्ट मोजत बसला. नवी पोरं यायची आणि एकमेकांना हळूच सांगायची, हाच तो तेलवाला.

केसाने गळा कापला त्याने माझा. तेव्हापासून त्याच्याशी एक शब्द नाही.

तेल बरोबर होतं. मला एवढंच सिद्ध करायचंय. त्याच्या तोंडावर.

७ फेब्रुवारी

रॉकेल, तारेचा ब्रश, खरवडणी. दिवसभर नुसती घाण. उंदरांचं घरटं निघालं — चिंध्या, दोऱ्याची गुंडी आणि हजेरीच्या कार्डाचा कोपरा. कुणाचं होतं ते कळलं नाही, नाव कुरतडलेलं.

बिडाचा पाया ठणठणीत आहे. त्या काळी माल द्यायचे!

८ फेब्रुवारी

पाठ गेली. पडून आहे.

११ फेब्रुवारी

फ्रेमच्या सरकत्या पट्ट्या सोडवायला तीन दिवस. गंजाने एकजीव झाल्या होत्या. तेल सोडायचं, हातोडीने हलके ठोके, थांबायचं, पुन्हा तेल. घाई केली की बीड तडकतं. शेवटी दुपारी एक पट्टी कचकन हलली आणि मी एकटाच "आली, आली!" करून ओरडलो. बायको पळत आली, तिला वाटलं हातावर काही पडलं. काही झालेलं नाही म्हटल्यावर इतकी चिडली! "हात सांभाळा," म्हणाली, "या घरात आणखी कुणाची बोटं जायला नकोत."

'या घरात.' तिच्या लेखी त्याचं घर अजून हेच घर आहे. नऊ वर्षं ती दर पंधरा दिवसांनी त्याच्याकडे जाते. जाताना मला सांगत नाही, आल्यावर मी विचारत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला एकटीच गेली. मी घरी बसून पंख्याचं बेअरिंग बदललं. त्याच मुलीला मी खांद्यावर बसवून कारखान्याचा भोंगा ऐकायला न्यायचो. जाऊ दे. पंखा अजून बिनआवाजाचा फिरतो.

चौकशीच्या वेळी ही एक शब्द बोलली असती! नवऱ्याच्या बाजूने नाही तर निदान भावाच्या बाजूने. दोन्हीकडून मूग गिळून बसली.

१२ फेब्रुवारी

मूळची मोटर घरच्या विजेवर चालणार नाही. पाण्याच्या पंपाची जुनी मोटर माळ्यावर होती ती काढली. उद्या खाली लाकडी फळी मारून तिच्यावर बसवतो.

१६ फेब्रुवारी

आज सिलेंडर उघडला.

सकाळपासून टाळत होतो. मोटरची वायर उगाच दोनदा सोलली. बाक पुसला. शेवटी अकराला पाना लावला. झाकण नऊ वर्षांचं चिकटलेलं, निघेना. पान्यावर हातोडीचे चार ठोके घातले तेव्हा निघालं.

तेल घट्ट! जाड, दाट, काळपट पडलेलं, पण घट्ट. बोटांवर घेतलं, चोळलं, वास घेतला. ज्या पिंपातून मी भरायचो त्याच पिंपातलं. एकतीस वर्षं हाताला लागलेलं तेल मला डोळे मिटून ओळखता येतं. पातळ म्हणे!

बाटलीत भरून ठेवलं. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, तारीख घातली. मग त्या बाकावरच बसून राहिलो. रडू आलं. आनंदाचं म्हणावं तर तसं नव्हतं. सहा वर्षं स्टोअरमध्ये घालवली आणि दोन मिनिटांत झाकण निघतं.

१७ फेब्रुवारी

तेल घट्ट असलं तरी आतला कातडी वॉशर फाटला असेल तर फ्रेम पडू शकते. मेहुणा हे कारण पुढे करेल. म्हणून वॉशर काढून पाहिला. अखंड. कडा जरा कडक झाल्यात, एवढंच.

मी म्हणजे स्वतःच आरोपी, स्वतःच वकील, स्वतःच चौकशी साहेब. फरक इतकाच की हा साहेब झाकण उघडून बघतो.

२१ फेब्रुवारी

क्रॅंकची पिन झिजलीये. कोपऱ्यावरच्या टर्नरकडे टाकली. तो आमच्याच कारखान्यातला, आता स्वतःची लेथ घेऊन बसलाय. पिन हातात घेऊन विचारतो, "ती हॅक्सॉ का? कशाला उकरून काढताय? झालं ते झालं." ज्याचं काही झालं नाही तोच हे म्हणतो! वर आणखी सांगतो — तुमचा मेहुणा झेरॉक्सच्या दुकानात बसतो, डाव्या हाताने झकास लिहितो, कालच भेटला, तुमची चौकशी करत होता.

पिन कधी मिळेल एवढंच विचारलं.

२४ फेब्रुवारी

पिन बसली. पट्टा चढवला. पाय टेकवून पातळी साधली. हिरवा रंग आणलाय, पण आधी चालायला हवी. रंगरंगोटी मागाहून.

२६ फेब्रुवारी

पहिला काप — आणि फजिती! पातं नुसतं घासत बसलं, धूर काढला, बारवर ओरखडासुद्धा धड नाही. दहा मिनिटं मोटरला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं. हाताची करवत ढकलताना कापते, म्हणून दात पुढे. ही मशीन ओढताना कापते. मी आयुष्यभराच्या सवयीने पातं उलटं लावलेलं! नवं कोरं पातं बोथट.

शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर उभा केला असता. कुणी पाहिलं नाही असं वाटलं, तर मागे बायको चहा घेऊन उभी. "उलटं होतं वाटतं," म्हणाली. कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही या बाईने, आणि हिला बरोबर कळलं.

२७ फेब्रुवारी

पातं सुलट लावलं. कापतेय! दीड इंची बार लोण्यासारखा. तो आवाज — खर्रर, विराम, खर्रर, विराम. कान तृप्त झाले. अर्धा तास नुसतेच तुकडे पाडत बसलो. गरज एकाचीही नव्हती.

२ मार्च

आज चाचणी. बाटलीतलं तेच जुनं तेल गाळून सिलेंडरमध्ये भरलं. तोच वॉशर. तीच फ्रेम. बायकोला हाक मारली. "हातातलं राहू दे, इकडे ये. घड्याळ घे. मी सोडली म्हटलं की मोज."

फ्रेम वर नेली, सोडली. अकरा सेकंद! पुन्हा केलं, अकरा. तिसऱ्यांदा साडेअकरा. धाडकन कुठली, म्हातारी जिना उतरावी तशी उतरली.

"बघितलंस?" म्हटलं. "बघितलं. मग?" "मग काय? तुझा भाऊ खोटं बोलला!" घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बोटं तर खरी गेली ना त्याची?"

मला इतका संताप आला! माझी नऊ वर्षं कुणी मोजायचीच नाहीत. बोटं दिसतात, बाकी काही दिसत नाही कुणाला. मी ओरडलो, बरंच काही बोललो, तिच्या माहेरावर गेलो. ते इथे लिहीत नाही. ती शांतपणे म्हणाली, "झालं बोलून? गॅसवर दूध आहे."

३ मार्च

अबोला. तिचा की माझा, ठरलेलं नाही.

६ मार्च

एक प्रश्न पोखरतोय. तेल बरोबर. वॉशर बरोबर. धाडकन पडली नाही, सावकाश उतरली. पण मुळात उतरलीच का? फ्रेम वर खटक्यावर अडकवलेली होती. खटका हाताने दाबल्याशिवाय सुटत नाही. त्याने स्वतः दाबला नसणार, त्याचे दोन्ही हात खाली होते.

मग सुटली कशी?

७ मार्च

सापडलं!

खटक्याकडे मी बघितलंच नव्हतं. बोटभर तुकडा, ग्रीसच्या लगद्यात बुडालेला, म्हटलं शेवटी पुसू. आज रॉकेलमध्ये टाकला, ब्रश मारला, उजेडात धरला. टोक घासलंय! झिजलेलं नाही, कानशीने घासलंय. ज्या कोपऱ्यावर फ्रेम अडकते तो कोपराच तिरका करून टाकलाय. काम मात्र सफाईचं, कबूल करायला हवं. एका रेषेत, कुठे खडबड नाही. मीच शिकवलेला ना!

का घासला तेही उघड आहे. खटका कडक असला की दर बारला दणका मारून सोडवावा लागतो, वेळ जातो. घासला की एका बोटाने सुटतो. मशीनवाले करतात असले उद्योग.

खटका परत बसवला, फ्रेम अडकवली, मोटर चालू करून लांब उभा राहिलो. पातं हवेत पुढे-मागे, अख्खी मशीन थरथरतेय. एक मिनिट, दोन मिनिटं. चौथ्या मिनिटाला खटका आपोआप घसरला आणि फ्रेम खाली निघाली. मोटरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. त्याचं तोंड खाली मोजपट्टीकडे असणार. बिचाऱ्याला कळलंसुद्धा नसेल.

बिचारा कसला! ज्याने खटका घासला त्याच्याच हातावर आली.

८ मार्च

आता सगळं लख्ख दिसतं. त्याच वर्षी कारखान्यात नवा नियम लागला होता, फळ्यावर लाल अक्षरांत लिहिलेला — सुरक्षेच्या भागाला कुणी हात लावला तर सरळ घरी, वर पोलीस केस. तेल चुकलं तर फार तर बदली. म्हणजे खटक्याचं नाव निघालं असतं तर हा बोटं गमावून वर नोकरीलाही मुकला असता, कोर्टाच्या पायऱ्या चढला असता. म्हणून दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या याने हिशोब मांडला. तेल म्हणू, तेल भाऊजींचं, खटक्याकडे कुणी बघणारच नाही. आणि खरोखर कुणी बघितलं नाही!

काय डोकं! मशीनवर एवढं चालवलं असतं तर फोरमन झाला असता.

बायकोला दाखवला. तिने तो तुकडा बराच वेळ हातात धरला. "हे त्यानेच केलं कशावरून?" म्हणाली. म्हटलं, मशीन त्याची, हात त्याचा, फायदा त्याचा, आणखी काय हवं? ती म्हणाली, "जाऊ द्या आता. तो काही सुखात नाही." मग मी सुखात आहे का? हे तिला विचारलं. तिने ताट घेतलं आणि आज जेवायला वाढलं.

१० मार्च

रविवारी जाणार. त्याची बायको, मुलगी, जावई, सगळे असतात म्हणे रविवारी. बरंच आहे. सगळ्यांसमोर खटका टेबलावर ठेवणार आणि एकच वाक्य बोलणार — "तेल घट्ट होतं." बाकी त्याने बोलावं. चार वेळा आरशासमोर बोलून पाहिलं. पाचव्यांदा आवाज चिरकला. सकाळी उठल्यावर बरा असतो, सकाळीच जाईन.

हिरवा रंग दिला मशीनला. पहिला हात. नवीसारखी दिसते.

१३ मार्च, रविवार

गेलो होतो. खटका टेबलावर ठेवला, वाक्य बोललो. त्याने दोन बोटांत तो उचलला, उलटासुलटा केला, आणि पोरीला नि जावयाला आत जायला सांगितलं.

"भाऊजी, हा तुम्ही घासलात. दोनशे शाफ्टच्या ऑर्डरीला. खटका अडकतो म्हणून मीच तुमच्यामागे भुणभुण लावली होती. जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटांत घासून दिलात. म्हणालात, ऑर्डर संपली की नवा टाकतो."

आठवलं. त्याच्या समोर, खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं. डबा उघडा ठेवून उठलो होतो. नवा टाकायचा राहून गेला.

"खटका म्हटलं असतं तर तुम्ही आत गेला असतात," तो म्हणाला. "तेल म्हटलं तर बदलीवर भागत होतं."

मला का नाही सांगितलंस? एवढंच विचारता आलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली साहेबांकडे गेला असतात."

गेलो असतो. आता साहेब नाहीत, कारखानाही नाही. कुणाकडे जाऊन सांगू? घरी आलो तर बायको दारातच उभी. "काय म्हणाला तो?" अजून तिथेच उभी आहे. मी इथे बसून लिहितोय.